हवेत सुटलेला रेणू किती जगतो?

स्वयंपाकघरातल्या लाल सिलिंडरमध्ये 14.2 किलो प्रोपेन आणि ब्युटेन दाबाखाली द्रव करून भरलेले असतात. बर्नरच्या छिद्रातून बाहेर पडलेला ब्युटेनचा रेणू ज्योतीत शिरतो आणि पापणी लवायच्या आत संपतो. उरतं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि कुकरखालची उष्णता. तोच रेणू नळीच्या सैल जोडातून न जळता निसटला आणि खिडकीबाहेर गेला, तर हवेत साधारण पाच दिवस जगतो. प्रोपेन दोनेक आठवडे काढतो. सीएनजीच्या टाकीतून गळालेला मिथेन दहा-बारा वर्षं पृथ्वीभोवती फिरत राहतो. आणि रानातल्या एखाद्या पानातून दुपारी बाराला उडालेला आयसोप्रीन दोनच्या सुमाराला शिल्लक नसतो.

हे चारही हायड्रोकार्बनच. म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन, तिसरं काही नाही. तरी एकाचं आयुष्य तासांत मोजायचं आणि दुसऱ्याचं वर्षांत.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. अकरावीला हायड्रोकार्बनचा धडा असतो, आणि वातावरणाच्या प्रदूषणाचा विषय वेगळाच. पहिल्यात मुलं नावं आणि अभिक्रिया पाठ करतात, दुसऱ्यात प्रदूषकांची यादी. एकीकडून दुसरीकडे जायची वाट वर्गात फारशी कुणी दाखवत नाही, आणि खरी गंमत तर त्या वाटेवरच आहे. मला ती वाट रेणूच्या आयुष्यातून जाते असं वाटतं. हायड्रोकार्बन हवेचं काय करतो हे समजून घ्यायचं असेल, तर आधी तो हवेत किती टिकतो ते विचारावं. तासाभरात संपणारा रेणू जिथे सुटला तिथल्याच लोकांच्या डोळ्यांत आणि फुप्फुसांत जातो. दहा वर्षं टिकणारा रेणू मात्र कुणा एका गावाचा राहत नाही.

आयुष्य ठरतं बंधांवरून. कार्बनची संयुजा चार. चारही हातांनी तो दुसऱ्या अणूंना धरतो, आणि विशेष म्हणजे स्वतःसारख्याच दुसऱ्या कार्बनलाही तितक्याच घट्टपणे धरतो. ही मालिकाबंधन शक्ती इतर मूलद्रव्यांकडे इतक्या प्रमाणात नाही, म्हणून एका कार्बनच्या मिथेनपासून डांबरातल्या प्रचंड रेणूंपर्यंत एवढं मोठं गोत तयार झालं. मिथेनमध्ये मधोमध कार्बन आणि चतुष्फलकाच्या चार टोकांना चार हायड्रोजन, कुठल्याही दोन बंधांमध्ये 109.5 अंशांचा कोन. पूर्ण सममित, कुठे फट नाही. एक हायड्रोजन उपटायचा तर मोलमागे जवळपास 440 किलोज्यूल ऊर्जा लागते. साखळी लांबली की मधल्या कार्बनवरचे हायड्रोजन थोडे सैल होतात. म्हणून इथेनचं हवेतलं आयुष्य दोनेक महिने, प्रोपेनचं दोन आठवडे, ब्युटेनचं पाच दिवस. दुहेरी बंध आला की सगळा हिशेबच बदलतो. दोन कार्बनमधला दुसरा बंध बाहेरून येणाऱ्याला उघडा मिळतो. हायड्रोजन उपटायचीही गरज नाही, त्या बंधालाच येऊन चिकटता येतं. एथिलीन दीड दिवसात संपतं. दोन दुहेरी बंधांचं आयसोप्रीन तास-दोन तासांत.

बेंझीनची गोष्ट थोडी वेगळी आहे. मायकेल फॅरडेने 1825 मध्ये दिव्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तेल-वायूच्या गाळातून ते वेगळं केलं. सूत्र पाहिलं तर त्यात भरपूर दुहेरी बंध असायला हवेत आणि ते चटकन संपायला हवं. पण त्याचे इलेक्ट्रॉन सहा कार्बनच्या कड्यावर सारखे वाटले गेलेले असतात आणि ही वाटणी मोडायला ते सहजी तयार होत नाही. म्हणून बेंझीन हवेत दहाएक दिवस टिकतं. ते रक्ताचा कर्करोग घडवणारं आहे हे पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणूनच आपल्या पेट्रोलमध्ये त्याची मर्यादा 1 टक्क्यावर आणली गेली, राष्ट्रीय मानकांत त्याचं हवेतलं वार्षिक प्रमाण घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमपर्यंतच मान्य आहे. पेट्रोल पंपावर गाडीत पेट्रोल भरताना येणारा तो गोडसर वास आवडतो असं माझे विद्यार्थी सांगतात. मी त्यांना दर वर्षी सांगते, नळी टाकीत असेपर्यंत दोन पावलं मागे उभे राहा.

आता हे रेणू हवेत संपतात म्हणजे त्यांना नेमकं कोण संपवतं? आपण सहज म्हणू, ऑक्सिजन. पण साध्या तापमानाला ऑक्सिजन मिथेनला हातही लावत नाही. काडी ओढल्याशिवाय शेगडी पेटत नाही ती याच कारणाने. हवेतलं हे काम करतो हायड्रॉक्सिल नावाचा मुक्त मूलक: एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन आणि एक एकटा इलेक्ट्रॉन, ज्याला जोडीदाराची विलक्षण घाई असते. अतिनील किरण ओझोनचा रेणू फोडतात, त्यातून सुटलेला उत्तेजित ऑक्सिजन अणू पाण्याच्या वाफेवर आदळतो आणि दोन हायड्रॉक्सिल जन्माला येतात. समोर दिसेल त्या रेणूचा हायड्रोजन ते ओढून घेतात आणि पाणी होऊन जातात. एक सेकंदही जगत नाहीत. एका घनसेंटिमीटर हवेत सुमारे अडीच कोटी कोटी लाख रेणू असतात, त्यात हायड्रॉक्सिल दिवसा सरासरी दहा लाखांच्या आसपास. खिजगणतीत नसावेत असे. पण जमिनीवरून उठणारी बहुतेक ज्वलनशील घाण धुऊन काढतात ते हेच. हायराम लेव्ही या वातावरणशास्त्रज्ञाने 1971 मध्ये हे पहिल्यांदा नीट मांडलं. त्याआधी माणसाला आपल्या डोक्यावरची हवा स्वच्छ कशी होते याची धड कल्पना नव्हती, हे आठवलं की मला अजून आश्चर्य वाटतं. चंद्रावर माणूस आधी पोचला.

हायड्रॉक्सिल तयार व्हायला प्रखर ऊन आणि वाफ, दोन्ही लागतं. दोन्ही भरपूर असतात विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात. म्हणजे जगातला बराचसा मिथेन जिथे संपतो त्या आकाशात आपलंही आकाश येतं. उन्हाळ्यात कोकणात अंग चिकट करणारी जी हवा असते, ती रसायनशास्त्राच्या नजरेने फार कष्टाळू हवा आहे.

इथपर्यंत सगळं चांगलं. रेणू आले, हायड्रॉक्सिलने गाठले, शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी झाले. मग हायड्रोकार्बनमुळे हवा विषारी होते ती कशी? हे कोडं ज्या गावी सुटलं ते गाव म्हणजे कॅलिफोर्नियातलं लॉस एंजेलिस.

जुलै 1943 मध्ये त्या शहरावर एक पिवळट-तपकिरी धुकं उतरलं. डोळे चुरचुरायला लागले, घसे धरले. युद्धाचे दिवस होते, शत्रूने वायू सोडला की काय अशीही भीती पसरली. संशय गेला शहरातल्या कृत्रिम रबराच्या कारखान्यावर, जिथे ब्युटाडाइन बनत असे. तो बंद ठेवला, तरी धुकं येतच राहिलं. लंडनच्या धुक्याची सवय असलेल्या तज्ज्ञांनी गंधकाकडे बोट दाखवलं. पण लंडनचं धुकं कोळशाचं, थंडीचं, ओलसर. हे यायचं लख्ख उन्हाच्या दिवशी, दुपारकडे. आणि त्याने गाड्यांच्या टायरना तडे जायचे, भाजीच्या मळ्यांत पालकाची पानं खालून चंदेरी-तपकिरी पडायची. गंधकाच्या धुराने असं होत नाही.

ते कोडं सोडवलं आरी हागेन-स्मिट यांनी. मूळचे डच, उट्रेख्टचे, 1937 पासून लॉस एंजेलिसजवळच्या पासाडेनातल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेत. ते हवेचे तज्ज्ञ मुळीच नव्हते; वनस्पतींच्या वासाचे आणि चवीचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्या काळात ते अननसाचा वास कशाकशाने बनतो ते शोधत होते. ढिगाने अननस घ्यायचे, त्यांची वाफ अतिशय थंड नळ्यांतून न्यायची, गोठून जे चिमूटभर हाती लागेल त्याचं विश्लेषण करायचं. 1940 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी तीच नळी प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर काढली आणि शहराची हवा ओढली. गोठून मिळालं ते घाणेरड्या वासाचं तपकिरी द्रव: अल्डिहाइड, सेंद्रिय आम्लं, पेरॉक्साइडं. म्हणजे हायड्रोकार्बन जळताना अर्ध्या वाटेवर थांबले की जे होतं ते. आपल्या चुलीतून नाही, इंजिनातून नाही, तर हवेतच कुणीतरी पेट्रोलची वाफ सावकाश, ज्योतीशिवाय जाळत होतं.

पुढचं पाऊल मला सगळ्यात देखणं वाटतं. त्यांनी बंद कक्षात पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजन डायऑक्साइड घेतला, त्यावर उजेड सोडला. आत ठेवलेल्या वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या तडकल्या. तशाच हवेत ठेवलेल्या पालकाची, लसूणघासाची पानं मळ्यातल्यासारखी करपली. डोळे तसेच चुरचुरले. ओझोन तयार होत होता, तोही जमिनीलगत, जिथे तो असायला नको. 1952 मध्ये त्यांनी हे छापलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लंडनमध्ये कोळशाच्या धुक्याने हजारो माणसं मेली, म्हणून त्या वर्षाची आठवण जगाला लंडनमुळे राहिली.

तेल कंपन्यांच्या पैशाने चाललेल्या संशोधनातून त्यांचं म्हणणं खोडायचा प्रयत्न झाला. हागेन-स्मिट मागे हटले नाहीत. अननस बाजूला राहिले आणि उरलेलं आयुष्य हवेला दिलं. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. फुलाफळांच्या वासात रमलेल्या माणसाने मळ्यातल्या करपलेल्या पालकामुळे आपली वाट बदलावी, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

त्या कक्षात नेमकं काय घडत होतं ते मी वर्गात रहाटावरून सांगते, कारण वसई-अलिबागकडच्या मुलांच्या आजोळी अजून कुठेकुठे त्याचे अवशेष दिसतात. इंजिनाच्या प्रचंड उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रिक ऑक्साइड बनतो. तो रहाटाचं रिकामं गाडगं समजा. त्यात ऑक्सिजनचा एक अणू भरला की नायट्रोजन डायऑक्साइड होतो. ऊन त्याला फोडतं, अणू वर ओतला जातो, तो हवेतल्या ऑक्सिजनला जोडून ओझोन होतो, आणि गाडगं रिकामं होऊन खाली येतं. आता ते पुन्हा भरायचं कुठून? हवेत हायड्रोकार्बन नसले तर ते ओझोनमधूनच आपला अणू परत घेतं. पाटातलं पाणी उपसून पुन्हा पाटात ओतल्यासारखं. रहाट फिरतो, पण पाट वाढत नाही. हायड्रोकार्बन असले की मात्र हायड्रॉक्सिल त्यांचा हायड्रोजन काढतो, उरलेला तुकडा ऑक्सिजन उचलून पेरॉक्सी मूलक होतो, आणि गाडगं त्याच्याकडून भरून घेतं. ओझोनला हात लागत नाही. आता प्रत्येक फेऱ्याला पाटात नवं पाणी पडतं. एकटा हायड्रोकार्बन ओझोन करू शकत नाही, एकटी नायट्रोजनची ऑक्साइडंही नाहीत. दोघं भेटले आणि वर ऊन असलं की होतो. सोबतीला पेरॉक्सिअॅसिटिल नायट्रेटसारखी संयुगं तयार होतात, डोळे चुरचुरतात त्यात त्यांचाही हात असतो.

आयुष्याचा मुद्दा इथे पुन्हा येतो. मिथेन या खेळात सावकाश उतरतो, शहराची सीमा ओलांडून केव्हाच गेलेला असतो. शहरातला रहाट जोरात फिरवतात ते लवकर मरणारे: एथिलीन, प्रोपीन, टोल्युइनसारखे कडे असलेले रेणू. अर्धवट जळलेल्या पेट्रोलमध्ये, रंगाच्या थिनरमध्ये, टाकीवरच्या वाफेत हेच असतात.

उपाय निघाला तो दोन्ही टोकं धरणारा. 1975 पासून अमेरिकेतल्या नव्या गाड्यांना उत्प्रेरकी परिवर्तक बसायला लागले. पुढे आलेल्या सुधारित परिवर्तकात प्लॅटिनम-पॅलेडियम उरलेले हायड्रोकार्बन पूर्ण जाळतं आणि ऱ्होडियम नायट्रिक ऑक्साइड मोडून नायट्रोजन मोकळा करतं. पण पेट्रोलमधलं शिसं या धातूंवर बसून त्यांना निकामी करतं, म्हणून शिसं जावं लागलं. आपल्याकडे 1995 मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना परिवर्तक आणि त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आलं, 2000 मध्ये शिसं देशभरातून गेलं, आणि एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुराचं भारत स्टेज सहा हे मानक. धुराड्याच्या वाटेत बसवलेला तो डबा आणि पालकाचं करपलेलं पान यांचं थेट नातं आहे.

हागेन-स्मिट यांचे कॅलटेकमधले एक सहकारी होते फ्रिट्स वेंट. तेही डच, तेही उट्रेख्टचे, वनस्पतींच्या वाढीचं संप्रेरक ऑक्सिन शोधून काढण्यात त्यांचं मोठं नाव. एकाने शहरावरच्या पिवळ्या धुक्याचा शोध घेतला, तर दुसऱ्याने 1960 मध्ये डोंगरांवरच्या निळ्या धुरकटपणाबद्दल लिहिलं. माणसाची वस्ती नसलेल्या रानांवरही निळसर पडदा दिसतो, तो झाडांनी सोडलेल्या हायड्रोकार्बनांचा असावा असं वेंट म्हणाले. झाडं हायड्रोकार्बन सोडतात, हे तेव्हा पचायला जड होतं. आज माहीत आहे की झाडं वर्षाला अदमासे 50 कोटी टन आयसोप्रीन हवेत सोडतात. मिथेन वगळला तर माणसाच्या सगळ्या गाड्या, रंग, रिफायनऱ्या मिळूनही एवढं सोडत नाहीत. निलगिरी, ओक, पॉप्लर, बांबूच्या कित्येक जाती हे करतात. ऊन चढलं, पान तापलं की जास्त, रात्री अजिबात नाही. उष्णतेच्या तडाख्यातून पान सावरायला त्याचा उपयोग होतो. हेच आयसोप्रीन साखळीत जोडलं की रबर: सिंधुदुर्गातल्या रबराच्या बागेत वाटीत ठिबकतो तो चीक.

या माहितीचा गैरवापरही झाला. रोनाल्ड रेगन 1980 च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या काळात हवेच्या प्रदूषणाचा मोठा वाटा झाडांच्या माथी मारून बसले. आकडा पाहिला तर झाडांचे हायड्रोकार्बन जास्त आहेत हे खरंच होतं. पण वस्तीपासून दूर रानात नायट्रोजनची ऑक्साइडं जवळजवळ नसतात. तिथे पेरॉक्सी मूलकाला गाडगं सापडत नाही. तो दुसऱ्या मूलकाला भेटून पेरॉक्साइड होतो आणि पावसाबरोबर धुऊन जातो. झाडाचा तोच रेणू शहराच्या धुरात आला की ओझोन बनवतो. धूर गाडीचाच.

वातावरणशास्त्रज्ञ विल्यम शामेडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहराचा हिशेब मांडला, आणि इथे मात्र झाडांकडे लक्ष द्यावं लागलं. अटलांटा ओकच्या जंगलात वसलेलं आहे. तिथे गाड्यांचे हायड्रोकार्बन कितीही कमी केले तरी झाडांचे पुरून उरतात. ओझोन खाली आणायचा तर नायट्रोजनची ऑक्साइडं कमी करावी लागतील. तोवर सगळा भर हायड्रोकार्बनवर होता. एका शहराच्या झाडीमुळे अमेरिकेतल्या धोरणाचा रोख हलला.

मला यातून आपल्या शहरांबद्दल काही ठामपणे म्हणावंसं वाटतं. पुणे असो, ठाणे असो, नाशिक असो, भरपूर झाडं, कडक ऊन आणि वाढती वाहनं यांच्या मधोमध आपण राहतो. इथे 'झाडंही प्रदूषण करतात' असं कुणी रस्तारुंदीच्या बैठकीत म्हणालं, तर ते अर्धवट रसायनशास्त्र आहे हे ओळखता यायला हवं. झाड तोडलं तर सावली जाते, पेट्रोल-डांबराच्या वाफा उलट उन्हाने वाढतात, आणि गाडगी फिरतच राहतात. शिवाय ओझोन बनायला वेळ लागतो, तोवर वारा हवा पुढे नेतो. भर चौकात नायट्रिक ऑक्साइड इतका असतो की तो ओझोन खाऊन टाकतो. ओझोनचं प्रमाण चढतं ते शहराच्या वाऱ्याखालच्या गावांत, दुपारी, जिथे वाहनंही फारशी नाहीत. पानांच्या रंध्रांतून तो आत शिरतो, गहू आणि सोयाबीन त्याला विशेष नाजूक. 2020 च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या, नायट्रोजनची ऑक्साइडं झपाट्याने उतरली, पण ओझोन त्या प्रमाणात उतरला नाही. काही शहरांत वाढला. ज्यांना हे रहाटाचं गणित माहीत नव्हतं त्यांना तो आकडा चुकीचा वाटला.

राहिला मिथेन, गोतातला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात दीर्घायुषी.

आमच्या आजोळी लावणीच्या दिवसांत चिखलात पाय दाबला की बुडबुडे वर यायचे. त्यात मिथेन असतो. इटलीतल्या माज्जोरे तळ्याच्या काठी अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी 1776 मध्ये काठीने चिखल ढवळून असेच बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून पाहिले. साचलेल्या पाण्याखाली ऑक्सिजन पोचत नाही. तिथले प्राचीन सूक्ष्मजीव कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून मिथेन करतात. गाईच्या पोटात, भाताच्या खाचरात, कचऱ्याच्या डोंगराच्या आत, सगळीकडे एकच कथा: हवा नसलेली जागा आणि कुजणारं अन्न. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत मिथेन 0.7 भाग होता, आता 1.9 च्या वर आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा 28 पट उष्णता अडवतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबात 80 पट. ही तफावत त्याच्या आयुष्यामुळेच आहे. दहा-बारा वर्षांत तो संपतो, म्हणून सुरुवातीची वर्षं फार जड जातात.

पण त्याच कारणाने मिथेन मला आशेची जागा वाटतो. कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतकं राहतो. आज थांबलो तरी जुना साठा हवेतच. मिथेनची गळती आज कमी केली, तर आत्ता माझ्या वर्गात बसलेली मुलं तिशीला येईपर्यंत हवेत फरक दिसू शकतो. आपल्या आयुष्याच्या इतक्या जवळचा हिशेब हवामानाच्या प्रश्नात क्वचित मिळतो.

2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत 2030 पर्यंत मिथेन 30 टक्क्यांनी कमी करायचा जागतिक संकल्प झाला, भारत त्यात सामील झाला नाही. आपला बराचसा मिथेन दोन गाई आणि एक खाचर असलेल्या शेतकऱ्याकडून येतो, आणि त्याच्या पोटावर पाय देऊन हवामान सुधारू नये, हे मला पटतं. पण खाचरात पाणी सतत साचवून न ठेवता मधूनमधून आटू दिलं तर मिथेन बराच घटतो, पाणीही वाचतं. नेरळच्या बाजूला चिखलणी न करता गादीवाफ्यावर भात घेण्याची जी पद्धत शेतकऱ्यांनी रुजवली, तिच्यात मातीला हवा मिळते. मिथेन करणाऱ्या जिवांना तीच नको असते. कुणी शेतकऱ्याला हवामानाचं व्याख्यान देण्याची गरज नाही, लावणीची मजुरी वाचते एवढं त्याला पुरे असतं.

कचऱ्याच्या बाबतीत मात्र गरिबाच्या पोटाचं कारण लागू पडत नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहांनी ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई इथल्या कचराभूमींतून उठणारा मिथेन मोजला, आणि या शहरांचा एकूण मिथेन नेहमीच्या हिशेबवह्यांत धरला होता त्याहून बराच जास्त निघाला. मुंबईत देवनारला 1927 पासून कचरा पडतो आहे. जानेवारी 2016 मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर नासाच्या उपग्रहचित्रांत दिसला. ती आग दिवसेंदिवस धुमसत राहते ती आतल्या मिथेनच्या जोरावर, आणि अशा अर्धवट जळण्यातून बेंझीन आणि त्याची भावंडं गोवंडी-मानखुर्दच्या घरांत शिरतात. दशकभर जगणारा रेणू सगळ्या जगाचा, आणि त्याच ढिगातून सुटलेला काही दिवसांचा रेणू फक्त शेजारच्या वस्तीचा. तिथल्या मुलांच्या खोकल्यात हे दोन्ही धडे एकत्र येतात.

याच मुंबईत 1897 च्या सुमाराला माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्याच्या टाकीतला वायू जमवून वापरात आणला गेला होता. म्हणजे मिथेन पकडायची कला या शहराला सव्वाशे वर्षं माहीत आहे. सगळ्यात चांगलं म्हणजे ओला कचरा ढिगापर्यंत जाऊच न देणं: घरच्या बादलीत, सोसायटीच्या कोपऱ्यात हवा खेळती ठेवून तो कुजवला की मिथेन जवळजवळ होतच नाही, कार्बन डायऑक्साइड होतो आणि खत उरतं. जिथे आधीच डोंगर झाले आहेत तिथे दुसरा मार्ग. गोराईची कचराभूमी महापालिकेने बंद केली तेव्हा ढिगावर आच्छादन घातलं, आत नळ्या सोडल्या आणि वर येणारा वायू ओढून जाळायची सोय केली. जाळलेला मिथेन कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे उष्णतेचं ओझं एका ज्योतीत कितीतरी उतरतं; बारा वर्षांचं काम शेगडीतल्या ब्युटेनसारखं पापणी लवायच्या आत. देवनारचा ढीग गोराईपेक्षा जुना आहे, मोठा आहे, पण त्याच्या पोटात चाललेली अभिक्रिया तीच आहे, आणि तिच्यातून होणारा वायू नळ्यांतून बाहेर काढायला नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. निविदा आणि मनुष्यबळ लागतं, आणि ते मागायचं पत्र कुणीही मुंबईकर आपल्या नगरसेवकाला लिहू शकतो. माझ्या विद्यार्थ्यांनी लिहिलं आहे.